कापसाचा फवारा आणि कराचीचा समुद्र

यवतमाळ जिल्ह्यातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. सर्वाधिक गर्दी होती ती ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर झालेल्या नौदल हल्ल्याच्या देखाव्याभोवती. निळ्या रंगाची प्लायवूडची फळी, थर्मोकोलच्या नौका, लुकलुकणारे तांबडे दिवे आणि नौकांच्या आजूबाजूला कापसाचे सात-आठ पांढरे फवारे. मुलांनी मेहनत भरपूर घेतली होती. आम्ही परीक्षकांनी सजावटीला पूर्ण गुण दिले. परतताना एस.टी.त बसल्यावर मात वाटू लागले की आपण देखावा पाहिला, पण तपासला नाही. ते राहिलेले काम येथे करतो.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. आपली 'निर्घात' ही क्षेपणास्त्र नौका जेमतेम ३९ मीटर लांब होती. मुलांची नौका फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर. प्रमाण झाले साधारण १:१३०. पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका ११५ मीटरची, तेव्हा ती याच प्रमाणात जवळजवळ तीन फूट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात दोन्ही नौका सारख्याच होत्या, आणि त्यांच्यातील अंतर हातभर. त्या क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे ४० किलोमीटर होता. निम्मे अंतर धरले तरी देखाव्यात ते दीडशे मीटरांहून अधिक भरते, म्हणजे 'खैबर' शाळेच्या फाटकाबाहेर कुठेतरी ठेवावी लागेल! हा विनोद नव्हे, लढाईचे मर्मच त्यात आहे. मारणारा दिसतच नव्हता. 'खैबर'वरून गेलेल्या संदेशात शत्रूच्या विमानाने हल्ला केल्याचे कळवले होते. नौका शेजारी-शेजारी ठेवल्या की ही गोष्टच हरवते.

दुसरा प्रश्न फवाऱ्यांचा. क्षेपणास्त्र पाण्यावरून उडत येऊन नौकेवर आदळते. तेथे आग आणि धूर असतो. तोफेचा गोळा नेम चुकून पाण्यात पडला, किंवा पाणतीर नौकेच्या बुडाशी फुटला, तर पाण्याचा स्तंभ उठतो. पाण्याखालच्या स्फोटात तप्त वायूचा बुडबुडा फुगतो, वरचे पाणी घुमटासारखे उचलतो आणि मग फुटून ते उंच फेकतो. कराचीच्या रात्रीत हे सात-आठ स्तंभ आले कोठून? बहुधा जुन्या युद्धपटांतून. स्तंभ दाखवायचाच तर ९ डिसेंबर १९७१ चा प्रसंग होता. त्या दिवशी 'हंगोर' या पाणबुडीच्या पाणतीराने आपली 'खुकरी' बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबरच गेले. दीव येथे तिच्या स्मारकात काचेच्या घरात तिची प्रतिकृती ठेवली आहे. हरलेला प्रसंग प्रदर्शनात मांडायला मुले कचरतात, शिक्षकही कचरतात.

आता कापूस. येथे मला मुलांची बाजू घ्यावीशी वाटते. आमच्यातील एका परीक्षकाने कापसाऐवजी थर्मोकोलचे मणी डिंकाने चिकटवा, 'थेंब दिसतील', असे सुचवले. हिशेब करा. तीन मिलिमीटरचा मणी १३० पट मोठा केला की ३९ सेंटिमीटर होतो. तो थेंब नव्हे, मोठी घागर झाली. कापसाच्या तंतूची जाडी सुमारे १५ मायक्रॉन. १३० पटीने ती होते दोन मिलिमीटर, म्हणजे पावसाच्या थेंबाएवढी. आपल्या जिल्ह्यात घरोघरी सापडणारी ही वस्तू या कामाला अगदी योग्य आहे. चुकला तो आकार. मुलांनी बोंडातून निघाला तसा गोळा चिकटवला होता, त्यामुळे तो फुलकोबीसारखा दिसत होता. तंतू उभे ओढून सरळ करावेत, स्तंभ बुडाशी दाट नि माथ्याशी विरळ ठेवावा. ३० मीटरचा स्तंभ या प्रमाणात २३ सेंटिमीटरचा होईल.

खरे पाणी उडवूनच का दाखवू नये, असे एका विद्यार्थिनीने विचारले होते. प्रश्न उत्तम आहे. ३० मीटर उंच जायला पाण्याला सुमारे अडीच सेकंद लागतात. २३ सेंटिमीटरला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग. उंची १३० पटीने कमी झाली, पण वेळ १३० च्या वर्गमुळाने, म्हणजे साडेअकरा पटीने. नौकांच्या प्रतिकृती पाण्यात ओढून पाहणाऱ्या विल्यम फ्रूड यांनी एकोणिसाव्या शतकात हाच वर्गमुळाचा नियम वापरात आणला. म्हणून चित्रपटवाले अशी दृश्ये वेगाने टिपून मंद गतीने दाखवतात. आजच्या बऱ्याच मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे घेता येतात, तेव्हा वेळेचे गणित बरेचसे जमते. थेंबांचे मात्र जमत नाही. पृष्ठताण प्रमाण जाणत नाही; टबातले थेंबही मिलिमीटरचेच राहतात आणि पडद्यावर घागरीएवढे भासतात. नौका खेळण्यातली आहे हे लगेच कळते ते यामुळे.

पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा लांबून पाहावा, मग जवळ जाऊन पाहावा. लांबून थेंब दिसत नाहीत. दिसते ती पिंजलेल्या कापसासारखी पांढरी धार. देखावा करणाऱ्या मुलांना आधी तेथे न्यावे, कापूस नंतर हाती द्यावा. आणि गुणपत्रिकेत 'सजावट' या रकान्याशेजारी 'प्रमाण' असा एक रकाना आम्हा परीक्षकांसाठी आखून ठेवावा.