खानदेशची मोजदाद

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला. नव्या मुलखात काय काय आहे याची टिपणं अधिकारी जमवत राहिले, आणि १८८०मध्ये जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या ‘खानदेश गॅझेटियर’मध्ये त्यांचा ग्रंथ झाला. आज दोंडाईचात बसून तो मोबाईलवर फुकट वाचता येतो. जरूर वाचा, पण अनुक्रमणिकेपासून.

आधी डोंगर-नद्या. मग ‘उत्पादन’: खनिजं, झाडं, जनावरं. माणसं तिसऱ्या प्रकरणात. खनिजांत आपल्याकडे असं काय? बांधकामाचा काळा दगड, चुन्यासाठी कंकर, विटांची माती. लिहिणारा बारकाईने लिहितो, हे मान्यच. पण दगड दिसला की तो कशाच्या उपयोगाचा, हाच त्याचा प्रश्न. भिल्लांकडेही तो असाच बघतो: शांत झाले का, १८२५च्या भिल्ल पलटणीत किंवा शेतीत लागले का? भिल्लांना काय वाटलं, ते या पानांत नाही.

हे जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही. दोंडाईचाच्या वीजप्रकल्पासाठी जमीन घेतानाही मोजणी झाली: किती क्षेत्र, किती झाडं, किती मोबदला. विखरणचे शेतकरी धर्मा पाटील त्या मोबदल्यासाठी दाद मागत मंत्रालयापर्यंत गेले. जानेवारी २०१८मध्ये त्यांनी जीव गमावला.

गॅझेटियरमध्ये आपलं गाव सापडलं की छान वाटतं. वाटू द्यावं. फक्त एवढं बघावं, की ज्याची जमीन मोजली, त्याचं म्हणणं कुठल्या पानावर आहे?