ताडीवाला रोडचा शाहीर?

कोल्हापुरात 'शाहीर' हा शब्द कोणी कोणाला उगाच लावीत नाही. पिराजीराव सरनाईकांचा पोवाडा ज्या गावाने ऐकला, त्या गावाला डफावरची थाप खरी कोणती आणि पोकळ कोणती हे शिकवावे लागत नाही. म्हणून नववीच्या वर्गात पोवाड्याचा धडा चालू असताना मागच्या बाकावरून एक पोरगा उठून म्हणाला, "सर, मग एमसी स्टॅन बी शाहीरच की!", तेव्हा वर्ग हसला आणि मला राग आला. राग आला की मास्तराने 'खाली बैस' म्हणावयाचे असते. तसे मी म्हटले. घरी आल्यावर मात्र वाटले, ज्याचे एकही गाणे आपण नीट ऐकलेले नाही, त्याला शाहिरीच्या फडातून हाकलून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मग पुढचे आठ-दहा दिवस रात्री जेवणे आटोपल्यावर, कानात यंत्र घालून, मी हा पोरगा ऐकला. कानात यंत्र अशासाठी की ही गाणी घरातल्या सगळ्यांसमवेत ऐकण्याजोगी नाहीत. हे आधीच सांगितलेले बरे.

एमसी स्टॅन म्हणजे पुण्याचा अल्ताफ शेख. जन्म 30 ऑगस्ट 1999 चा. वाढला तो पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत. पुणे म्हटले की आपल्यापुढे शनिवारवाडा आणि पेठा उभ्या राहतात. पण आगगाडी स्टेशनात शिरताना खिडकीतून जे पुणे दिसते, ते त्याचे. लहानपणी तो कव्वाली गात असे, असे सांगतात. पुढे एमिनेमसारख्या अमेरिकन रॅप गायकांची गाणी कानावर आली. त्याच्या नावातला 'स्टॅन' हाही एमिनेमच्याच एका गाण्याची आठवण करून देतो. 'वाता' या गाण्याने त्याचे नाव झाले, 2019 मधल्या 'खुजा मत'ने ते गाजले. 2020 मध्ये 'तडीपार' आणि 2022 मध्ये 'इन्सान' हे त्याचे दोन गीतसंग्रह आले. आणि 12 फेब्रुवारी 2023 च्या रात्री 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वाचे विजेतेपद त्याच्या गळ्यात पडले. वय वर्षे तेवीस. त्या रात्री दुसरा आला तो अमरावतीचा शिव ठाकरे, त्याचा जिवलग दोस्त. घरात आरडाओरडा करणारे पुष्कळ होते. हा बव्हंशी गप्प बसे आणि घरी जातो म्हणे. लोकांनी त्यालाच ठेवून घेतले.

ज्यांच्या घरात हा प्रकार अद्याप शिरलेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. रॅप म्हणजे ठेक्यावर बोललेले गाणे. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात, एका इमारतीतल्या पार्टीत, कूल हर्क नावाच्या तरुणाने दोन तबकड्या शेजारी ठेवून गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून लांबविला. या कलेचा जन्म त्या रात्रीपासून मोजतात. वस्ती गरिबांची, बहुतांशी काळ्या माणसांची. वाद्ये विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा दुसऱ्याच्या तबकडीतला ठेका आणि आपली जीभ एवढ्याच भांडवलावर हा धंदा उभा राहिला. आपल्याकडे कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये आणि अंधेरीच्या डिव्हाइनने त्याच सुमारास ही जीभ मुंबईच्या गल्लीला दिली; 2019 च्या 'गली बॉय' चित्रपटाने ती घराघरांत पोचविली. स्टॅन त्यांच्या मागून आला, पण तो त्यांचा शिष्य नव्हे. त्याचा सूर निराळा आहे, आणि त्याहून निराळी आहे त्याची भाषा.

ती भाषा हिंदी खरी. पण ही हिंदी उत्तरेकडून आलेली नाही. ती पुण्याच्या वस्तीत मराठी आणि दखनी एका चुलीवर शिजवून तयार झालेली आहे. 'शेमडी' हा त्याचा लाडका शब्द घ्या. आपल्या आया नाक गळणाऱ्या पोरीला जो शब्द वापरतात, तो या पोराने दूरचित्रवाणीवरून अवघ्या देशाला शिकविला, आणि तोही मायेने हाक मारण्यासाठी. किंवा 'तडीपार' घ्या. हा शब्द कवितेतला नव्हे, पोलिसांच्या नोटिशीतला. जिल्ह्याच्या हद्दीबाहेर घालविलेल्या माणसाच्या नावामागे तो लागतो. आपल्या पहिल्या संग्रहाला हे नाव देणाऱ्या पोराला साहित्याची जाण नाही, असे मी तरी म्हणणार नाही. त्यापुढच्या संग्रहाचे नाव 'इन्सान'. हद्दीबाहेरचा माणूस आधी आपली शिक्का मारलेली ओळख सांगतो आणि मग म्हणतो, मी माणूस आहे. ही दोन नावे शेजारी ठेवली की एका लहानशा कादंबरीचा आराखडा तयार होतो.

गायनाविषयी मात्र माझी तक्रार आहे. तो आपला आवाज यंत्रातून काढून घेतो; त्यामुळे स्वर थरथरतो, शब्द लडबडतात, आणि अर्धी ओळ ऐकणाऱ्याला अंदाजाने भरून काढावी लागते. त्याचे चाहते म्हणतात, हीच तर गंमत. असेल. पण शाहिराचा शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही स्पष्ट ऐकू गेला पाहिजे, ही आमची जुनी अट आहे. ठेके मात्र पुष्कळदा तो स्वतः बांधतो, आणि ते बांधतो नेटके.

आता शिव्यांचा प्रश्न. कलावंत तोंडाळ आहे म्हणून त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, तर आपल्याला पुष्कळ घर रिकामे करावे लागेल. पेशवाईच्या उत्तरकाळात सोलापूरच्या एका ब्राह्मण घरातला मुलगा तमाशाच्या फडात शिरला, तेव्हा घरच्यांनी त्याला टाकले. तो रामजोशी. त्याच्या लावण्यांतला उघडा शृंगार आजही शाळेत वाचून दाखविता येत नाही; पण त्याच रामजोशीने पुढे कीर्तनातून मोरोपंतांच्या आर्या लोकांच्या ओठी बसविल्या. 1947 मध्ये त्याच्यावर 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट निघाला, आणि त्याच्या दिग्दर्शनात आमचे बाबूराव पेंटर होते. ज्याला हयातीत घरातून घालविले, त्याला दीडशे वर्षांनी सहकुटुंब तिकीट काढून पाहिले! वस्तीचा प्रश्नही तसाच. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत काढली. शाळेचा उंबरा त्यांना नाममात्र लाभला. तरी 'फकिरा' तिथूनच आली. तेव्हा जन्म, वस्ती आणि तोंडाळपणा, या तिन्ही कलमांखाली स्टॅन निर्दोष सुटतो.

तो अडकतो तो चौथ्या कलमाखाली. ते कलम म्हणजे 'मी'.

पोवाड्यात शाहीर स्वतःचे नाव घेतो, पण कोठे? अगदी शेवटच्या चौकात. आधी रणांगण, आधी दुष्काळ, आधी माणसे. आणि सगळे सांगून झाल्यावर, दारात चपला शोधीत असल्यासारखे, अमक्याने हे गाईले म्हणून सांगून तो निघून जातो. स्टॅनच्या गाण्यात नाव आधी येते आणि जाता जात नाही. माझी वस्ती, माझे हाल, माझे वैरी, माझी साखळी. त्याचे ऐंशी हजारांचे बूट 'बिग बॉस'च्या काळात देशभर गाजले. ज्याने अनवाणी दिवस काढले त्याला बुटांची किंमत सांगावीशी वाटते, हे मी समजू शकतो. पण किंमत सांगून झाल्यावर गाणे संपले असेल, तर ते गाणे नव्हे, पावती झाली. स्त्रियांविषयी त्याची जीभ जशी सैल सुटते, त्याचेही मूळ मला याच 'मी'मध्ये दिसते. या 'मी'पुढे दुसरे माणूस उभेच राहू शकत नाही; मग स्त्री कशी राहणार?

भांडणातही तेच. एमिवे बंटायशी त्याचे गाण्यातून झालेले भांडण प्रसिद्ध आहे. गाण्याने भांडणे आपल्याला नवे नाही. कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र भांडत. पण कलगीवाला म्हणे शक्ती श्रेष्ठ, तुरेवाला म्हणे शिव श्रेष्ठ. आणि सवालाचा जवाब द्यायला पुराणे पाठ असावी लागत. भांडणारे दोघे, पण भांडण तिसऱ्याच गोष्टीचे. म्हणून ऐकणारा उजाडता शहाणा होऊन घरी जाई. येथे भांडणाचा विषय भांडणारेच. आणि हे रॅपमुळे होते असेही नाही. मुंबईच्या 'स्वदेशी' या तरुणांच्या जथ्याने 2019 मध्ये आरे जंगलातल्या वारल्यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. ठेका तोच, जीभ तीच. पण तेथे बोलतो तो 'आम्ही'.

एवढे लिहून मी निकाल देऊन मोकळा झालो असतो: शाहिराची सामग्री आहे, शाहीर अजून झालेला नाही. पण मध्येच स्नेहसंमेलन आले, आणि तो मागच्या बाकावरचा पोरगा वही घेऊन माझ्याकडे आला. "सर, म्या रॅप लिवलाय. म्हनू का?" चाल स्टॅनची, हातवारे स्टॅनचे, मान हलविण्याची ढबसुद्धा उसनी. पण विषय 2019 च्या ऑगस्टचा महापूर. पंचगंगेचे पाणी दारात, मग चुलीवर, मग फळीवर. शाळेच्या खोलीत काढलेल्या रात्री. पाणी ओसरल्यावर पत्र्यावर वाळत घातलेली आईची पातळे आणि त्याच रांगेत वाळत घातलेली बालभारतीची पाने. सुरुवातीला 'मी' होता, तिसऱ्या कडव्यापासून सगळी गल्ली बोलू लागली. वहीत दोन शिव्या होत्या. मी त्यांवर तांबडी रेघ मारली. तो म्हणाला, "सर, एक काढतो. दुसरी काढली तर ठेका मोडतोय." मी ओळ पुन्हा म्हणून पाहिली. ठेका खरोखरच मोडत होता.

त्या दिवशी मला माझ्या निकालात एक ओळ वाढवावी लागली. पोवाड्याचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. तो ऐकून माझ्या एकाही विद्यार्थ्याने पुराचा पोवाडा लिहिला नाही. धड्यातल्या शाहिराने त्यांना आदर शिकविला. ताडीवाला रोडच्या पोराने त्यांना सांगितले की आपल्या गल्लीची भाषा ठेक्यात बसते. स्वतः 'मी'पाशी थांबलेल्या माणसाने दुसऱ्याला 'आम्ही'पर्यंत जाण्याची वाट दाखवावी, हे कलेतच घडू शकते. स्टॅनचे वय अद्याप लहान आहे. रामजोशीलाही कीर्तनाच्या पाटापर्यंत यायला वेळ लागलाच होता. तो येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही.

नववीतल्या त्या पोराला मात्र मी आता 'खाली बैस' म्हणणार नाही.