भाषानकाशा आणि भौगोलिक माहिती प्रणाली : एक चिकित्सा

बोलींच्या अभ्यासात नकाशाला पुराव्याचे स्थान मिळाले, त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. जर्मनीत गेओर्ग वेंकर याने १८७६ साली ऱ्हाइन प्रांतातील शाळामास्तरांकडे काही वाक्ये पाठवून ती ज्या त्या गावच्या बोलीत लिहून मागविली. बोलींच्या सीमा नकाशावर स्वच्छ उमटाव्यात, ही अपेक्षा होती. उमटले ते निराळेच. 'करणे' या अर्थाच्या क्रियापदातील व्यंजनाची सीमा बेनराथजवळून गेली, 'मी' या सर्वनामाची तिच्या उत्तरेकडून, तर 'गाव' आणि 'ते' या अर्थांच्या शब्दांच्या सीमा पुष्कळ दक्षिणेकडून. पूर्वेकडे एकत्र चालणाऱ्या या रेषा नदीजवळ येताच पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात. पुढे ऑबिन, फ्रिंग्ज व म्यूलर यांनी १९२६ मध्ये त्यांची तुलना जुन्या संस्थानांच्या व धर्मपीठांच्या सीमांशी केली, तेव्हा हा पसारा निरर्थक नसल्याचे दिसून आले. एका नकाशावर दुसरा नकाशा ठेवून वाचण्याची युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, हे येथे लक्षात ठेवणे इष्ट.

ही युक्ती भौगोलिक माहिती प्रणालीने अतिशय सुकर केली, यात शंका नाही. प्रत्येक वस्तू बिंदू, रेषा अथवा बहुभुज या रूपात साठवावी, तिला गुणांचे कोष्टक जोडावे, आणि असे अनेक थर परस्परांवर ठेवून प्रश्न विचारावेत, हा तिचा गाभा. घाट, नद्या, बाजारपेठा, जुने परगणे आणि बोलीतील रूपे ही सर्व आता एका पटावर येतात; जे काम फ्रिंग्जच्या पिढीला वर्षे खाऊन गेले, ते एका दुपारी होते. मारबुर्ग येथे वेंकरचे हस्तलिखित नकाशे २००१ नंतर याच मार्गाने अभ्यासकांच्या हाती आले, आणि ते काम सर्वथा स्तुत्य आहे. तथापि या सुकरतेबरोबर काही गृहीतके चोरपावलांनी शास्त्रात शिरली आहेत. ती तपासणे अगत्याचे आहे, कारण भाषेच्या नकाशावरून आपल्याकडे केवळ प्रबंध लिहिले जात नाहीत. राज्यांच्या सीमाही त्यावरून मागितल्या जातात.

पहिले गृहीतक एककाविषयीचे. जनगणनेची मातृभाषाविषयक कोष्टके तालुकापातळीपर्यंत मिळतात. ती प्रणालीत घालून ज्या भाषेचे बहुमत तिचा रंग तालुक्याला द्यावा, ही आज सर्रास चालणारी रीत आहे. समजा, एका तालुक्यात प्रत्येकी १,००० वस्तीची नऊ गावे आहेत आणि त्या प्रत्येकात शेकडा ७० लोक एक भाषा बोलतात. दहावे ठिकाण २०,००० वस्तीचे शहर असून तेथे त्याच भाषेचे लोक शेकडा २० आहेत. एकूण २९,००० लोकांत त्या भाषेचे १०,३०० भरतात, म्हणजे शेकडा ३६ हून कमी. तालुका दुसऱ्या भाषेचा रंग घेतो. गाव हे एकक धरले तर दहापैकी नऊ बहुभुज पहिल्या भाषेचे होतात. दोन्ही नकाशे बिनचूक आहेत, आणि दोन्ही एकाच माहितीतून निघाले आहेत. ओपनशॉ या भूगोलज्ञाने १९८४ साली या अडचणीचा विस्ताराने विचार केला. महाराष्ट्राला मात्र ती त्याच्या तीस वर्षे आधीपासून ठाऊक होती. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सामान्यतः जिल्हा हे एकक धरले. त्यामुळे बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याकडे गेला, आणि त्यातून वेगळा काढला गेला तो केवळ चंदगड तालुका. पुढे आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेबाबत ह. वि. पाटसकर यांनी खेडे हे एकक मानले, आणि महाराष्ट्राने आपल्या मागणीसाठी तेच तत्त्व पुढे केले. यातील कोणाची बाजू न्याय्य, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय नाही. मुद्दा इतकाच की, एकक निवडले त्याच क्षणी उत्तराचा बराच भाग निश्चित झाला. ज्या प्रबंधात बहुभुजांचे एकक का निवडले हे सांगितलेले नसते (आणि 'माहिती त्याच पातळीवर उपलब्ध होती' हे कारण नव्हे), त्यातील भाषासीमा ही भाषेची असण्यापेक्षा महसूलखात्याची असण्याचा संभव अधिक.

दुसरे गृहीतक अंतर्वेशनाचे. ज्ञात बिंदूंमधील अज्ञात जागा गणिताने भरून काढणे, हे प्रणालीचे आवडते कर्म. जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंपेक्षा परस्परांशी अधिक संबद्ध असतात, या टोब्लरने १९७० साली मांडलेल्या सूत्रावर ते उभे आहे. पर्जन्यमानाला हे सूत्र मानवते. भाषेला ते तितकेसे मानवत नाही, कारण सह्याद्रीच्या कड्याखालचे गाव वरच्या गावापासून सरळ रेषेत जवळ असले, तरी व्यवहाराने दूर असू शकते. शिवाय पाऊस एका ठिकाणी एका वेळी एकच पडतो. बोली तशी नसते. गम्पर्झ यांनी १९५८ मध्ये उत्तर भारतातील एका खेड्याविषयी दाखवून दिले की, एकाच गावठाणात जातीजातींप्रमाणे बोलीभेद नांदतात. त्या गावाच्या बिंदूला एकच मूल्य द्यायचे, तर ते कोणाच्या घरचे?

ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड (१९०५) आज असाच वापरला जातो. त्यातील मराठीचे नमुने बहुधा जिल्ह्याच्या नावाने नोंदलेले आहेत. ते प्रणालीत घालताना जिल्ह्याच्या मध्यावर एक बिंदू टाकला जातो आणि त्याचे अक्षांश-रेखांश सहा दशांश स्थळांपर्यंत लिहिले जातात. सहावे दशांश स्थळ म्हणजे जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर! जिल्हाभर पसरलेल्या अनिश्चिततेला हे वितीएवढे माप कोठून आले, असा प्रश्न परीक्षकही क्वचितच विचारतात. ग्रिअर्सन स्वतः सावध होता. शेजारच्या भाषा एकमेकींत हळूहळू विरत जातात आणि नकाशावरील रेषा ही केवळ सोयीची असते, याची त्याला जाणीव होती. संगणकात उतरताना रेषा तेवढी उतरली, जाणीव मागे राहिली.

या सर्वांची कसोटी पाहावयाची तर सांगली जिल्ह्यातील कुपवाड घ्यावे. गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ साली या गावाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मराठी, कानडी आणि उर्दू या भाषा शतकानुशतकांच्या सहवासाने इतक्या जवळ आलेल्या आढळतात की, एकीच्या वाक्यातील घटक क्रमाने बदलत गेले तरी दुसरीचे वाक्य तयार होते. तेथील मराठीत मानवेतर नामांची लिंगव्यवस्था कानडीच्या धर्तीवर नपुंसकाकडे झुकली आहे. आणि तरीही घरातील भाषा कोणती, याविषयी कोणाच्या मनात संदेह नाही; शब्द वेगळे राखून प्रत्येक समाजाने आपली ओळख वेगळी राखली आहे. जनगणनेच्या थरात हे गाव तीन भाषांत विभागले जाईल. व्याकरणाच्या थरात ते एक ठरेल. बहुमताच्या रंगात त्यातील दोन भाषा नाहीशा होतील. तिन्ही थर खरे असूनही त्यांची बेरीज मात्र होत नाही.

येथे प्रणाली टाकून देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. एका बिंदूला अनेक वक्ते जोडण्याची सोय तिच्यात आहेच, फक्त ती वापरली जात नाही. डेक्कन महाविद्यालय आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणात गावोगावच्या वक्त्यांचे नमुने ध्वनिमुद्रित झाले. अशा सामग्रीत वक्ता हा मूळ घटक ठेवून गाव हा त्याचा एक गुण मानता येतो. रंग भरलेल्या पृष्ठाऐवजी नुसते बिंदू छापता येतात, आणि बिंदूंमधील पांढरी जागा पांढरीच ठेवता येते. तेच कोष्टक गाव, तालुका आणि जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर रंगवून ते शेजारी शेजारी छापण्यास तर फारसा श्रमही पडत नाही. पदव्युत्तर प्रबंधांत हे अभावानेच दिसते, कारण तीन नकाशे परस्परविरोधी निघाले तर निष्कर्षाचे प्रकरण अवघड होते.

कालाचा प्रश्न याहून कठीण आहे. कुपवाड १९९८ मध्ये सांगली व मिरज यांच्यासह एका महानगरपालिकेत समाविष्ट झाले. १९७१ च्या अभ्यासातील गाव आजच्या सीमांच्या थरावर बसवू पाहणाऱ्याला तेथे महानगरपालिकेचा एक मोठा बहुभुज मिळतो. त्याच्या आत ते तीन भाषांचे गाव कोठे संपत होते, हे शोधण्यासाठी त्याला जुन्या गावनकाशांकडेच वळावे लागते.