एक्सएमएलचं एन्कोडिंग: फाइल काय म्हणते आणि पार्सर काय वाचतो

मागच्या वर्षी मराठी कॉर्पसवर काम करताना माझ्या तक्त्यात शब्दांची सरासरी लांबी जवळपास तिप्पट आली. एरर मात्र एकही नाही. चूक माझीच होती. फाइल उघडायला मी नुसता फाइलरीडर वापरला होता. जावा 18 (2022) च्या आधी तो ऑपरेटिंग सिस्टिमचं डीफॉल्ट एन्कोडिंग घ्यायचा, आणि माझ्या मशीनवर ते विंडोज-1252 होतं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं. त्यामुळे ‘मराठी’तल्या 5 चिन्हांची 15 झाली.

गंमत म्हणजे मी एन्कोडिंग तपासलं होतं! डॉममधल्या ‘गेट-एक्सएमएल-एन्कोडिंग’ने यूटीएफ-8 सांगितलं. ते खोटंही नव्हतं. ही मेथड फाइलच्या पहिल्या ओळीत काय लिहिलंय तेवढंच सांगते. प्रत्यक्षात कशाने वाचलं, हे ‘गेट-इनपुट-एन्कोडिंग’ला विचारायचं, माहीत नसेल तर ती नल देते. रीडर दिला की पार्सरच्या हातात बाइट येतच नाहीत, आधीच उलगडलेली अक्षरं येतात. मग पहिल्या ओळीतल्या घोषणेला काही अर्थ उरत नाही.

आता याच कसोटीवर जावातले तीन एपीआय ताडून बघू.

डॉम लेव्हल 3 (2004) दावा आणि वापर वेगळे ठेवतो, हे चांगलं. पण मेथडची नावं फसवी आहेत. शिवाय आवृत्तीच्या बाबतीत तो गप्प बसतो: घोषणा नसली तरी उत्तर 1.0 च.

सॅक्समधल्या ‘लोकेटर2’कडे एन्कोडिंगसाठी एकच मेथड आहे. बाहेरून सांगितलेलं असेल तर ते, नाहीतर घोषित केलेलं, तेही नसेल तर अंदाजाने ठरवलेलं. यातलं नेमकं कोणतं मिळालं, ते कळत नाही. संशोधनासाठी हा सगळ्यात कच्चा दुवा.

स्टॅक्स मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यात घोषित आणि वापरलेल्या एन्कोडिंगसाठी दोन वेगळ्या मेथड आहेत; आणि दस्तऐवजीकरणानुसार घोषणा नसेल तर आवृत्तीसाठीही नल मिळतो. ‘लिहिलेलंच नाही’ हीसुद्धा माहितीच असते ना!

तेव्हा पार्सरला रीडर नाही, इनपुटस्ट्रीम द्या. घोषित आणि वापरलेलं एन्कोडिंग दोन वेगळ्या रकान्यांत नोंदवा. दुसरा रकाना रिकामा आला, तर निष्कर्ष लिहायच्या आधी तिथे थांबा. मी थांबलो नव्हतो, म्हणून अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला.