साठ सेकंदांचे पादप्रक्षालन

धर्मप्रसाराच्या जाहिरातीस कोणी वाङ्मयाची वा कलेची कसोटी लावीत नाही. पण लक्षावधी डॉलर मोजून कोट्यवधी डोळ्यांपुढे ठेवलेल्या कृतीस ही सवलत का द्यावी, हे आम्हांस कळत नाही. ‘ही गेट्स अस’ ही येशूविषयीची जाहिरातमोहीम अमेरिकेत २०२२ मध्ये सुरू झाली. यूट्यूबवर व दूरचित्रवाणीवर तिच्या फिती पैसे भरून दाखविल्या जातात. त्यांतील पाय धुण्याची फीत ११ फेब्रुवारी २०२४ रोजी सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात झळकली. त्या दिवशी अर्ध्या मिनिटाचा भाव सुमारे सत्तर लाख डॉलर होता; ही फीत एक मिनिटाची.

हिच्यात हलते असे काही नाही. ज्युलिया फुलर्टन-बॅटन यांनी घेतलेली छायाचित्रे गाण्याच्या सुरावर एकामागून एक येतात. गल्लीत पोलीस शिपाई कृष्णवर्णी तरुणाचे पाय धुतो. समुद्रकाठी पाद्री खाली बसला आहे. कुटुंबनियोजनाच्या दवाखान्याबाहेर, निदर्शकांच्या देखत, एक स्त्री दुसरीचे पाय धूत आहे. कल्पना थोर आहे, यात शंका नाही. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने अतिथींचे पाय धुण्याचे काम पत्करले; सुदाम्याच्या पायांची कथा तर आपल्या कीर्तनांतून मुलांनाही ठाऊक. परधर्माची निंदा या फितीत नाही, हेही मोकळेपणाने नमूद केले पाहिजे.

तरी चित्रे मनात उतरत नाहीत. प्रकाश फार रेखीव, पाणी फार निर्मळ. कित्येकांस ती यंत्रबुद्धीने घडविलेली वाटली, ते उगीच नव्हे. पण खरे वैगुण्य निराळेच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू पाय धुवावयास वाकतो, तेव्हा पेत्र स्पष्ट नाही म्हणतो. गुरूने आपले पाय धुवावेत हे त्यास सहन होत नाही. त्या प्रसंगाचा सारा जिव्हाळा त्या नकारात आहे. कारण येशूस त्याच्याशी बोलावे लागते, त्याची समजूत घालावी लागते. फितीत मात्र कोणीच पाय मागे घेत नाही. ज्यांचे पाय धुतले जातात त्यांस आपले असे मनच नाही. ती शोभेची माणसे झाली आहेत.

आणि गंमत अशी की नकार या माध्यमाच्या हिशेबातच बसविलेला आहे! यूट्यूबवरील पुष्कळशा जाहिराती पाच सेकंदांनंतर बटण दाबून टाळता येतात. प्रेक्षक तीस सेकंद थांबला, किंवा त्याहून लहान फीत शेवटपर्यंत पाहिली, वा तिच्यावर बोट ठेवले, म्हणजे जाहिरातदारास पैसे पडतात. टाळणाऱ्याचा हिशेब मिटतो. त्यास उत्तर देणारा तेथे कोणीच नसतो.

येथे आम्हांस साष्टीचे फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज पाद्र्याचे ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. हेतू धर्मप्रसाराचाच. १५६७ मध्ये त्याच साष्टीतील देवळे पाडली गेली, देव खाडीपलीकडे न्यावे लागले. ते आम्ही विसरलेलो नाही, आणि स्टीफन्सच्या ओव्यांनी ते झाकलेही जात नाही. पण त्यांच्या ग्रंथात आरंभीच श्रोता प्रश्न करतो: आमची पुराणे बंद केलीत, मग त्या जागी दुसरे पुराण का देत नाही? तक्रार ग्रंथातच नोंदली गेली, आणि तिला उत्तर म्हणून हजारो ओव्या रचाव्या लागल्या. त्यासाठी कवीस आमची भाषा, आमची पुराणरीती, आमचे ऐकण्याचे वळण आयुष्यभर शिकावे लागले. म्हणूनच आमच्यापैकी कित्येक तो ग्रंथ पुराण म्हणून न मानताही काव्य म्हणून वाचतात.

या मोहिमेवर अमेरिकेत दोन्हीकडून टीका झाली. पाप आणि पश्चात्ताप यांविषयी ती गप्प का, असे काही ख्रिस्ती म्हणाले. तिच्या देणगीदारांत हॉबी लॉबीचे डेव्हिड ग्रीन कसे, असे इतरांनी विचारले. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आम्हांस मात्र त्या चित्रांतला एखादा पेत्र हवा होता. जत्रेच्या आणि कीर्तनाच्या फिती पैसे भरून लोकांपुढे ढकलाव्यात, असा विचार आपल्या देवस्थानांत होईल तेव्हा कार्यकारी मंडळींनी दराआधी हे पाहावे, की समोरच्याने ‘नको’ म्हटल्यास त्याच्याशी बोलणार कोण.