प्रस्तावनेच्या रांगेत

आपल्या पोरांचे नवे कवितासंग्रह मी विकत घेऊन वाचतो, म्हणून बोलतो. पुस्तक उघडलं की आधी बारा पानं प्रस्तावना. मलपृष्ठावर आणखी एका थोराचा अभिप्राय. मग मनोगत, त्यात पुन्हा त्याच दोघांचे आभार. कवी भेटतो तो एकोणिसाव्या पानावर.

प्रस्तावना घेणं पाप नव्हे. अण्णाभाऊंच्या 'फकिरा'ला वि. स. खांडेकरांची होती, 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांची. पण तेंडुलकरांची पानं फाडून टाका, ढसाळ तेवढाच भाजतो. हे आजच्या संग्रहांना करून बघा.

१८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना ग्रंथकारांच्या सभेला बोलावलं. जोतीरावांनी पत्र लिहून कळवलं की, जे सगळ्यांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसत नाही. ह्या पत्रावर आपले कवी तास तास भाषण ठोकतात, आणि खाली उतरल्यावर निमंत्रितांच्या यादीत आपलं नाव कितवं छापलंय ते बघतात.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्यावर संपादक म्हणून नाव होतं पांडुरंग नंदराम भटकरांचं. (सिडनहॅम कॉलेजातली नोकरी हेही कारण असेल. असो. अग्रलेखाची धार काही त्यानं कमी झाली नाही.) पुढं 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्यानं भरले. आपल्याकडं सोळा पानांचा अंक निघतो आणि त्याला कार्यकारी, अतिथी, सल्लागार धरून सात संपादक!

आता एका कवीचंच सांगतो. नाव घेत नाही, पोरगा गुणी आहे. पाचशे प्रती, बांधीव पुस्तक. छपाईचे पैसे त्यानंच पी. एफ. मधून काढून प्रकाशकाला दिले. साडेतीनशे प्रती त्याच्याच खाटेखाली. मी म्हणालो, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात चल, चादर अंथरून बसू. खेड्यापाड्यातून आलेल्या बाया उपाशी राहतील, पण पोरासाठी पुस्तक घेऊन जातील. तो म्हणाला, "तिथं नको दादा. तिथं समीक्षक येत नाहीत."

बरं, संग्रह कसा आहे? आईवरच्या तीन कविता अस्सल आहेत. शेणाचा वास, मुकादमाची हाक, हजेरीसाठी उमटवलेला अंगठा, सगळं जिथल्या तिथं. एक शब्द उपरा नाही. प्रस्तावनेत त्या तिघींचं नावसुद्धा नाही! तिथं कौतुक आहे ते महानगरावरच्या नऊ पानी कवितेचं. ती मी दोनदा वाचली. तिच्यातला एकटेपणा, तिच्यातल्या तुटक ओळी, सगळं प्रस्तावनाकाराच्याच जुन्या कवितांतलं. त्या थोर माणसाला आपलाच आवाज ऐकू आला, तो खूश झाला. आणि आपल्या पोराला वाटलं, आपण पास झालो.

दुसऱ्या संग्रहाची वही त्यानं मला दाखवली. चाळीस कविता आहेत. आईवर एकही नाही.