वितरित संगणकांतील मतैक्य : सुटे आकृतिबंध व त्यांचे सांधे

अनेक संगणकांपैकी काही बंद पडले तरी उरलेल्यांनी एकच निर्णय राखावा, हा वितरित प्रणालींतील मूळ प्रश्न होय. पुण्याचे उन्मेष जोशी यांनी 'पॅटर्न्स ऑफ डिस्ट्रिब्यूटेड सिस्टिम्स' (एडिसन-वेस्ली, २०२३) या इंग्रजी ग्रंथात त्याची उत्तरे ३० आकृतिबंधांत मांडली आहेत. लॅम्पोर्ट यांचा पॅक्सॉसवरील १९९८ चा निबंध ग्रीक बेटावरील संसदेच्या रूपकात गुरफटलेला. त्याने कित्येक अभ्यासकांना दारातूनच परतविले. जोशी यांची रीत निराळी. ते आधी बिघाड दाखवितात, मग उपाय, आणि मग जावा भाषेतील आज्ञावली. अध्यापनास ही रीत उपकारक आहे, यात शंका नाही. परंतु मतैक्याची निर्दोषता एकेका आकृतिबंधात नसून त्यांच्या सांध्यांत असते, आणि तेथेच वाचकाची फसगत संभवते.

विष्णुपुरीच्या बंधाऱ्याचे एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. दरवाजे उघडण्याच्या आज्ञा पाच संगणकांच्या नोंदवह्यांत लिहिल्या जातात. दुसऱ्या पिढीच्या नेत्याने एक आज्ञा स्वतःकडे व आणखी एका संगणकावर लिहिली आणि तो बंद पडला. तिसऱ्या पिढीत निवडून आलेल्या दुसऱ्या संगणकाने त्याच जागी वेगळी आज्ञा केवळ आपल्या वहीत लिहिली, तोही थांबला. पहिला परतून चौथ्या पिढीचा नेता झाला व त्याने आपली जुनी आज्ञा तिसऱ्या एका संगणकावर उतरविली. पाचांत तीन, म्हणजे बहुमत झाले. आज्ञा कायम समजावी काय? नाही. तो पुन्हा पडला, तर तिसऱ्या पिढीची नोंद बाळगणारा संगणक अधिक अद्ययावत ठरून निवडून येऊ शकतो व बहुमताची आज्ञा पुसू शकतो. दरवाजे मात्र तोवर उघडलेले असावयाचे! ओंगारो व ओस्टरहाउट यांच्या २०१४ च्या राफ्ट-निबंधातील नियम याचसाठी आहे : नेत्याने प्रती मोजून केवळ आपल्या चालू पिढीची नोंद कायम करावी, तिच्या मागच्या नोंदी तिच्यासह कायम होतात.

बहुमत आणि पिढी-घड्याळ ही प्रकरणे सुटी वाचणाऱ्यास हा नियम सुचणे कठीण. 'रेप्लिकेटेड लॉग' या प्रकरणात लेखक हे धागे एकत्र आणतात. विद्यार्थ्यांनी ते आधी वाचून मग मागे वळणे इष्ट.

बहुमताचा हा हिशेब बंद पडणाऱ्या संगणकांपुरताच आहे, हेही ध्यानी ठेवावे. दोन बंद पडणार असतील तर पाच पुरतात. दोन खोटे बोलणार असतील, तर लॅम्पोर्ट, शोस्टाक व पीस यांच्या १९८२ च्या निबंधानुसार सहीविना निरोपांवर सात लागतात.